न पोहोचलेले दोनशे बारा फोटो

मी एक जुना वाटाड्या आहे. डोंगरातला नव्हे, मित्रांनो, कॉम्प्युटरमधला. मला पाय नाहीत, काठी नाही. एका प्रोग्रामच्या पोटातल्या त्र्याण्णव ओळी, एवढाच माझा देह. एका मोठ्या रुग्णालयात मी एकोणीस वर्षं एकच काम केलं. यंत्रातून निघालेल्या प्रत्येक फोटोचा पत्ता वाचायचा आणि तो कोणत्या डॉक्टरांच्या पडद्यावर जायला हवा ते सांगायचं.

तुम्ही म्हणाल, फोटोला कसला आलाय पत्ता? असतो, मित्रांनो. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाईलला पत्ता असतो. मोठ्या फोल्डरात लहान फोल्डर, त्यात आणखी लहान आणि सगळ्यात आत फाईल. 'छाती', त्याच्या आत 'एप्रिल', त्याच्या आत 'समोरून' असा तो ओळीनं लिहिलेला असतो. माझ्याजवळ नियमांची यादी असे. एखादा नियम म्हणे, "पत्त्याची सुरुवात 'हाडं' अशी असेल आणि शेवट 'मनगट' असा असेल, तर फोटो हाडांच्या डॉक्टरांकडे." मधे काय आहे याच्याशी नियमाला कर्तव्य नसलं की तिथे एक चांदणी काढलेली असे. एक चांदणी म्हणजे मधला कुठलाही एक फोल्डर. दोन चांदण्या म्हणजे मधे कितीही फोल्डर. या दोन चांदण्या नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या साऱ्या अब्रूचा प्रश्न पुढे त्यांच्यापाशीच आला.

मला ज्यांनी लिहिलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते आधी एका शाळेत गणित शिकवायचे. वर्गात ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला तो कायमचाच. मग चाळिशीत ते कॉम्प्युटर शिकले आणि रुग्णालयात नोकरीला लागले. तळमजल्याच्याही खाली, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, त्यांची कॉम्प्युटरची खोली होती. भिंतीला कायम ओल आणि हवेला कायम गरम चादरींचा वास. तिथे बसून मास्तरांनी मला आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तीन आठवडे लागले.

माझ्याआधी काळ्या फिल्मा पाकिटात घालून एक शिपाई जिने चढायचा. पाकिटं अदलाबदल व्हायची. एकाच्या मोडक्या बोटाचा फोटो दुसऱ्याच्या हाती जायचा. मी कामाला लागलो त्या सकाळी एक्स-रे काढणाऱ्या काकांनी एका सुताराच्या मनगटाचा फोटो काढला आणि सवयीनं जिना चढून हाडांच्या डॉक्टरांकडे निघाले. वर पोचतात तो डॉक्टर पडद्यावर तोच फोटो बघत बसलेले. काका धावत खाली आले.

"अहो मास्तर, हा फोटो माझ्या आधी वर पोचला की!"

मास्तर बसक्या आवाजात म्हणाले, "तुमचे गुडघे वाचले, काका."

तेव्हा माझ्याजवळ बारा नियम होते. दिवसाला साठ-सत्तर फोटो यायचे. मी एकेक पत्ता सावकाश, पहिल्या अक्षरापासून वाचायचो, एकेका नियमाशी ताडून बघायचो आणि उत्तर द्यायचो. कोणी घाई करत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते. त्या सुखात मी एक गोष्ट शिकलोच नाही: आपण काम कसं करतो हे कधीतरी तपासून बघावं लागतं.

वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले. रुग्णालयात आणखी दोन रुग्णालयं विलीन झाली आणि त्यांचे नियम माझ्या यादीत येऊन पडले. बाराचे नव्वद झाले, नव्वदाचे चारशे, चारशेचे सहाशे चाळीस. मग शरीराचे काप काप करून फोटो काढणारं मोठं यंत्र आलं. एका माणसाला त्या यंत्रात घातलं की आठशे फोटो निघत. आठशे फोटो म्हणजे आठशे पत्ते, आणि प्रत्येक पत्त्याला सहाशे चाळीस नियम.

मित्रांनो, मी आळशी नव्हतो हो. पण माझी रीतच वेंधळी होती. समजा हाडांचा फोटो आला, तरी मी छातीचे, पोटाचे, डोक्याचे सगळे नियम ओळीनं वाचत बसे. एखादा नियम आत्ताच एका फाईलसाठी फोडून समजून घेतलेला असे. तरी पुढच्या फाईलला तो पुन्हा पहिल्या अक्षरापासून फोडत असे. आणि दोन चांदण्या दिसल्या की माझी पाचावर धारण बसे. मधे एक फोल्डर सोडून बघ, जमलं नाही, मागे ये, दोन सोडून बघ, पुन्हा मागे ये. एका नियमात अशा चांदण्या दोन-तीनदा आल्या की मी त्याच त्या वाटांनी नुसता येरझाऱ्या घाली.

खोलीतला पंखा घोंघावायला लागे. वरच्या मजल्यांवरून फोन येत. "लटकलंय का हो खाली?" मी धावत होतो आणि रांग माझ्यापेक्षा जोरात वाढत होती.

मास्तरांच्या जागी आलेल्या बाईंना सगळे टाचणी म्हणत. अंगानं लहानखुऱ्या आणि बोलणं टोचणारं, म्हणून ते नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते हसून स्वीकारलंही होतं. त्यांच्याकडे रुग्णालयातले सगळे कॉम्प्युटर होते, शंभरावर. मी त्यांच्या कामाच्या यादीत अगदी खाली होतो. जे चालतंय त्याला हात लावू नये, असा नोकरीतला जुना नियम आहे.

मग तो मंगळवार आला.

सकाळचे पावणेअकरा झाले होते. बाहेरच्या रुग्णांची गर्दी ऐन भरात होती. त्याच सुमारास मोठ्या यंत्रात लागोपाठ तीन माणसांचे फोटो निघाले. चोवीसशे पत्ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे दोन हजार चारशे एकावा पत्ता होता: 'मुलं', 'गळा', 'तातडीचे'.

दोन वर्षांची एक मुलगी होती. आजोबांच्या कडेवर बसून आली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पाण्याचा घोटही आत घेत नव्हती. आजोबा घाबरून सांगत होते, "नाणं गिळलं असेल हो. माझ्या खिशातली नाणी काढून खेळत होती." मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि फोटो काढायला खाली पाठवलं. नाणं असेल तर थोडं थांबता येतं. पण दिव्याच्या रिमोटमध्ये वगैरे असतो तसला चपटा गोल सेल असेल, तर तो गळ्यात अडकल्या जागी आतून भाजत जातो. तिथे मिनिटांवर खेळ असतो.

काकांनी फोटो काढला. त्यांच्या यंत्रावर तो त्यांना लगेच दिसला. नाण्याच्या गोलाला एक कड दिसते. या गोलाला दोन कडा होत्या. काकांना ते कळलं. पण त्यांना वाटलं, वर डॉक्टरीणबाईही हेच बघत असतील. एकोणीस वर्षं फोटो त्यांच्या आधी वर पोचत आला होता. त्यांनी पुढच्या माणसाला आत घेतलं.

आणि मी? मी चोवीसशे पत्त्यांतला सहाशेवा वाचत होतो. तो पत्ता मागे उभा आहे हे मला दिसत होतं. पण मला रांग मोडता येत नव्हती. नियम, चांदण्या, मागे ये, पुढे जा. हजार झाले. पंधराशे झाले. वर डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा पडदा ताजा करून बघत होत्या आणि पडद्यावर काही नव्हतं. फोटोच निघाला नसेल, असं समजून त्या दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

दहा मिनिटांनी काका बाहेर आले, तर आजोबा नातीला मांडीवर घेऊन बाकावर तसेच बसलेले.

"अहो, तुम्ही अजून इथेच?"

"वरून कोणी बोलावलंच नाही."

काकांनी मग जिना गाठला. त्यांचे गुडघे आता सत्तरीला टेकलेल्या माणसासारखे झाले होते, तरी ते तीन मजले पळत गेले. "बाई, सेल आहे तो! नाणं नाही, सेल!" ते दारातूनच ओरडले. त्यानंतर मिनिटभरानं मी त्या फोटोचं उत्तर दिलं आणि तो पडद्यावर उमटला. तोवर मुलीला घेऊन सगळे शस्त्रक्रियेच्या खोलीकडे धावले होते.

अकरा मिनिटं, मित्रांनो.

मुलगी वाचली. पण गळा आतून भाजला होता. पुढे सहा आठवडे तिला नाकातल्या नळीतून दूध द्यावं लागलं. अकरा मिनिटं आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, हे डॉक्टरीणबाईंनाही नेमकं सांगता आलं नाही. "कमी भाजलं असतं एवढं नक्की," इतकंच त्या म्हणाल्या. हे वाक्य मी कधी विसरू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. ओल्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या.

"मला कोणाला बोल लावायचा नाहीये. मला फक्त एवढं सांगा, फोटो निघाल्यापासून माझ्यापर्यंत यायला अकरा मिनिटं का लागतात? तेवढ्यात मी घरी जाऊन कुकर लावून परत येईन."

टाचणीबाई नेहमी फटकन उत्तर द्यायच्या. त्या दिवशी त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण शोधते."

त्यांनी आधी तातडीचे फोटो रांगेत पुढे घ्यायची सोय केली. पण तातडीचा कोणता हे ठरवायलाही मलाच विचारावं लागे, म्हणजे घोडं पुन्हा माझ्यापाशीच अडे. मग त्यांनी प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला घड्याळ लावलं. कोण किती वेळ खातो ते मोजलं. फाईल उघडायला इतका, पाठवायला इतका आणि पत्ता जुळवायला... त्यांनी आकडा दोनदा वाचला. दहातले नऊ हिस्से वेळ मी एकटा खात होतो.

चोर पकडल्यावर त्याचा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणाले, "नवीन दमदार यंत्र घेऊन टाकू."

"यंत्र दमदार आणलं तरी हा तेच करत बसेल, साहेब. फक्त जरा लवकर करेल," टाचणीबाई म्हणाल्या. "रीत बदलायला हवी."

आणि त्यांनी नवा वाटाड्या लिहायला घेतला. माझ्या शेजारच्याच फाईलमध्ये. मी त्याला ओळीओळीनं जन्माला येताना पाहिलं. काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! प्रत्येक ओळीबरोबर मला माझा एकेक वेंधळेपणा कळत गेला आणि प्रत्येक ओळीबरोबर माझे दिवस भरत आले.

तो सगळे नियम सकाळी एकदाच वाचून, समजून, तयार ठेवायचा. पुन्हा फोडत बसायचा नाही. नियमांचे त्यानं पहिल्या शब्दावरून गठ्ठे केले होते. पत्ता 'हाडं' असा सुरू झाला की हाडांचा गठ्ठा उघडायचा, बाकीच्या पाचशेंकडे ढुंकूनही पाहायचा नाही. चांदण्यांपाशी अडला, तर सगळ्यात अलीकडच्या चांदणीपर्यंतच मागे यायचा. पार सुरुवातीला पळत सुटायचा नाही. इतकं सोपं होतं, मित्रांनो. एकोणीस वर्षांत मला सुचलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

टाचणीबाईंनी त्या मंगळवारचे तेच चोवीसशे पत्ते त्याच्यापुढे टाकले. तीन सेकंद लागले.

साहेब खुर्चीतून उठले. "झालं तर मग! सोमवारी चालू करून टाका."

"नाही साहेब. आधी दोघांची उत्तरं ताडून बघते."

"अहो, जुना रखडतो म्हणून तर नवा केलात ना?"

"रखडतो, पण चुकत नाही. नवा पळतो खरा, पण बरोबर दारात जातो का ते मला अजून माहीत नाही. एक फोटो चुकीच्या डॉक्टरांकडे गेला तर तीन सेकंदात गेला काय आणि अकरा मिनिटांत गेला काय!"

'चुकत नाही.' मी ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. निदान एवढी पत तरी माझी राहिली होती.

मोठ्या यंत्राचे थोडे आणि बाकी यंत्रांचे सगळे, असे गेल्या दोन वर्षांतले तीन लाख पत्ते त्यांनी निवडले. तेच पत्ते मला विचारले, तेच त्याला. त्याचं उरकलं तेव्हा लोकांचा चहाही व्हायचा होता. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागलं. मग उत्तरं समोरासमोर ठेवली. दोनशे एकोणतीस उत्तरं जुळत नव्हती.

टाचणीबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि एकेक तपासायला बसल्या. सतरा ठिकाणी नव्याचीच चूक निघाली. फोल्डरच्या नावाच्या शेवटी कोणाच्या हातून मोकळी जागा सुटली होती आणि तिथे तो गडबडला होता. त्यांनी ते दुरुस्त केलं. उरले दोनशे बारा. हे सगळे एकाच जातीचे होते. नवा म्हणत होता, "छातीच्या डॉक्टरांकडे." मी म्हटलं होतं, "याला कुठलाच नियम लागत नाही."

"एकोणीस वर्षं चाललंय हे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "नव्याचंच चुकतंय कुठेतरी."

आणि नव्यानंही माझ्यासारखंच उत्तर द्यावं म्हणून त्या त्याच्यात एक ओळ घालू लागल्या. खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. फार झाला. एवढा चपळ, एवढा हुशार तो, पण शेवटी खरा मी ठरलो होतो. तो सबंध तास मी त्या आनंदात काढला. आज त्या तासाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काका चहाचा कप घेऊन आत आले. त्या मंगळवारपासून ते रोज एक चक्कर खाली टाकत. त्यांनी पडद्यावरची यादी पाहिली.

"हे तर गाडीतले दिसताहेत."

"कुठल्या गाडीतले?"

"आपली तपासणीची गाडी नाही का, कारखान्यांतून, दुकानांतून फिरते ती. तिच्यातलं मशीन महिन्याचे फोल्डर करत नाही. 'छाती' की थेट 'समोरून'. मधे काही नाही."

"मग ते फोटो जातात कुठे, काका?"

"कुठे म्हणजे? वर. छातीच्या डॉक्टरांकडे."

टाचणीबाईंचे हात थांबले. त्यांनी त्या दोनशे बारांतला एक पत्ता घेतला आणि नियम काढून शेजारी ठेवला. 'छाती', मग दोन चांदण्या, मग 'समोरून'. दोन चांदण्या, म्हणजे मधे कितीही फोल्डर.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "नाही जात. वर नाही जात ते."

कितीही म्हणजे दहा, कितीही म्हणजे दोन, कितीही म्हणजे एकही नसला तरी चालेल. पण मी मात्र मधे निदान एक तरी फोल्डर मागत आलो होतो. तो नसला की मी नियम लागत नाही म्हणायचो आणि फोटो 'इतर' नावाच्या फोल्डरात टाकायचो. पूर्वी प्रत्येक यंत्र महिन्याचा फोल्डर करत असे, म्हणून कधी उघडकीला आलं नाही. गाडी आली चौदा महिन्यांपूर्वी. तेव्हापासून तिचे सगळे छातीचे फोटो 'इतर'मध्ये साचत होते. मी प्रत्येक वेळी नोंद केली होती, "नियम सापडला नाही." दोनशे बारा वेळा केली होती. ती नोंद कोणी उघडून वाचली नव्हती.

आणि गाडीत प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली जायची. 'काही आढळल्यास कळवू.' कोणालाच काही कळवलं गेलं नव्हतं. दोनशे बारा माणसं, काही कळलं नाही म्हणजे आपण ठणठणीत, असं समजून कामाला लागली होती.

काकांचा चहा तसाच निवला. टाचणीबाईंनी आधी छातीच्या डॉक्टरांना फोन केला, मग साहेबांना, मग मास्तरांना.

मास्तर दुसऱ्या दिवशी बसनं आले. केस पार पांढरे झाले होते. माझ्या त्र्याण्णव ओळी त्यांनी उभ्यानंच वाचल्या आणि एकेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे. एकपासून मोजायला लागलो मी." मग म्हणाले, "शून्य विसरलो होय गं मी? पोरांना शून्य शिकवून शिकवून माझा घसा गेला."

"मास्तर, बसा ना तुम्ही."

"बसत नाही. काढून टाक याला. आत्ता, माझ्यासमोर काढून टाक."

माझ्या जन्मदात्याच्या तोंडचे हे शब्द होते, मित्रांनो. पण रागवायचा हक्क मला कुठे उरला होता? मी वाट बघत राहिलो. एक कळ दाबायची, बस्स.

टाचणीबाईंनी ती दाबली नाही. "नाही काढणार, मास्तर. काल मीसुद्धा ही चूक नव्यात मुद्दाम घालत होते, जुना म्हणतो तेच खरं मानून. काका आले नसते तर घातलीच होती. दोघं वेगळं बोलले म्हणून तर आपण उघडून पाहिलं. हा नसता तर नव्याला मी कशाशी ताडून बघितलं असतं?"

मास्तरांनी खिशातून चष्म्याचं फडकं काढलं आणि डोळे पुसले. चष्मा नंतर पुसला.

छातीचे डॉक्टर दोन दुपारी आमच्या खोलीत बसून होते. एकापाठोपाठ एक फोटो बघत होते. टाचणीबाई नावं वाचत होत्या आणि काका दाराशी उभे. "ठीक." "ठीक." "हा जुना डाग, याला माहीत आहे." "ठीक." पहिल्या दुपारी एकशे नऊ झाले. दुसऱ्या दुपारी एकशे साठाव्या फोटोशी ते थांबले. खुर्ची पुढे ओढली. उजव्या बाजूला वर वाटाण्याएवढी सावली होती.

"हा फोटो कधीचा?"

"पाच महिन्यांपूर्वीचा."

"कोण आहे?"

"बेकरीतला भट्टीवाला. वय सेहेचाळीस."

फोन टाचणीबाईंनीच केला, दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. पलीकडून त्याच्या बायकोनं उचलला.

"ते भट्टीवर आहेत. काय काम होतं?"

"रुग्णालयातून बोलतेय. त्यांचा पाच महिन्यांपूर्वी गाडीत फोटो काढला होता..."

"हो, पण त्यात काही नव्हतं ना? तुमच्याकडून काही कळलं नाही."

टाचणीबाईंनी डोळे मिटून घेतले. "आमची चूक झाली, ताई. फोटो कोणी बघितलाच नव्हता. त्यांना घेऊन उद्या सकाळी या. मी दारात उभी राहते."

आणि त्या उभ्या राहिल्या. भट्टीवाला आला. बाह्यांना पीठ लागलेलं होतं. रात्रपाळी करून तो थेट आला होता. "मला खोकला पिठाचा वाटायचा," तो म्हणाला. पुढचे आठ दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी 'वेळेवर सापडलं' असं म्हटलं नाही. 'अजून वेळ आहे' असं म्हटलं. शस्त्रक्रिया झाली, फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला. आता तो भट्टीपुढे उभा राहत नाही. बेकरीच्या पुढच्या बाजूला बसून गिऱ्हाइकांना पाव देतो. दर तीन महिन्यांनी त्याचा फोटो निघतो आणि तो पोचला की नाही हे विचारायला टाचणीबाई स्वतः वर जातात.

नवा वाटाड्या कामाला लागून आता दोन वर्षं झाली. फोटो निघतो आणि पडद्यावर उमटतो. मधला वेळ कोणाला जाणवतही नाही. मला त्यांनी चाचणीच्या फोल्डरात ठेवलं आहे. माझ्या पहिल्या ओळीच्या वर टाचणीबाईंनी एक टीप लिहून ठेवली आहे: 'दोन चांदण्यांच्या बाबतीत याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नये. एकेचाळिसावी ओळ पाहा. काढून टाकू नये.' कपाळावर आपलीच चूक लिहून घेऊन जगणं सोपं नाही. पण ती पुसावी असं मला वाटत नाही.

नव्यात कोणी काही बदल केला की मला जागं करतात. तीन लाख प्रश्न विचारतात. मी रखडत रखडत उत्तरं देतो. माझं आणि त्याचं जुळलं नाही, की माणसं खुर्ची ओढून बसतात आणि शोधतात.

पण मित्रांनो, गेल्या सात महिन्यांत मला कोणी जागं केलेलं नाही. नियम आठशेच्या वर गेले आहेत असं ऐकतो. दुसरी तपासणीची गाडी येणार आहे असंही ऐकतो. तिच्यातलं यंत्र पत्ते कसे लिहील कोण जाणे! नवा फार वेगानं धावतो, सगळे त्याच्यावर खूश आहेत, आणि ज्याच्यावर सगळे खूश असतात त्याला कोणी काही विचारत नाही. मलाही नव्हतं विचारलं. माझ्या जिवाला तोच घोर आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. मोठेपणी तुमच्यातलं कोणी असं काम करायला बसलं, तर जुन्या गोष्टीला वेगवान जरूर करा. एका मुलीची अकरा मिनिटं वाचवणं हे फार मोठं काम आहे. पण जुनं टाकण्याआधी दोघांना समोरासमोर बसवा आणि दोघांनाही प्रश्न विचारा. नवं आहे म्हणून ते खरं मानू नका आणि जुनं आहे म्हणूनही मानू नका. कुठूनच काही कळत नसेल, तर सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. तुमच्याही यंत्रात एखादा 'इतर' नावाचा फोल्डर असेल. महिन्यातून एकदा तरी तो उघडा. त्यात कोणाचा तरी फोटो पडलेला असेल आणि तो माणूस, आपल्याला काही झालेलं नाही असं समजून, या क्षणी कामावर उभा असेल.